बिनखर्चाची दिवाळी

कोरे काकूंनी ताट माझ्या हातात दिलं, त्यावरचा क्रोशाचा रुमाल सारखा केला आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. धनत्रयोदशीची संध्याकाळ होती. समोरच्या ओळीतल्या सगळ्या घरांना कंदील लागले होते आणि आमच्या दारात उजेड होता तो फक्त काकूंच्या मोबाइलच्या टॉर्चचा, कारण व्हरांड्यातला बल्ब मी पावसाळ्यातच काढून ठेवला होता.

"चकल्या आहेत, थोड्या करंज्या आहेत," त्या म्हणाल्या, इतक्या हळू की घरात कुणी आजारी झोपलंय असं वाटावं. "पप्पांना पण दे. नको म्हणतील, पण खायला लाव."

"पप्पा चकलीला नको म्हणत नाहीत कधी," मी म्हणाले.

काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. मला वाटलं, मी काहीतरी फार समजूतदार बोलून गेले.

आत जाऊन मी फराळ डब्यात काढला, ताट धुतलं, पुसलं. कुणाचं ताट रिकामं परत द्यायचं नाही, काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची, हे मम्मीनं शिकवलेलं. मी साखरेच्या डब्यात हात घातला तेवढ्यात काकू दारातूनच म्हणाल्या, "नको गं बाळा. रिकामंच दे. आत्ता काही घालून द्यायचं नसतं."

मला आनंद झाला. मला वाटलं, काकूसुद्धा मीनलताईंचे व्हिडिओ बघतात. तेवढीच साखर वाचली.

मीनलताई म्हणजे 'बचतीची बाराखडी'. त्यांचं चॅनेल. मागे पिवळा पडदा, ओट्यावर तुळशीची कुंडी, आणि हात जोडून सुरुवात: "नमस्कार माझ्या गुणी मैत्रिणींनो, कशा आहात?" मी सातवीत होते, पण "मी बरी आहे" असं रोज म्हणायचे. आता मी दहावीत आहे. शाळेच्या गॅदरिंगमध्ये माइक माझ्याच हातात असतो आणि मागच्या रांगेतल्या मुलांना एका वाक्यात गप्प करायला मला आवडतं. तेव्हा मात्र शाळेतून आल्यावर माझ्याशी "कशा आहात" असं म्हणणाऱ्या त्या एकट्याच होत्या, आणि त्यांना माझं उत्तर ऐकू जात नव्हतं.

आम्ही सांगलीत, कुपवाडच्या बाजूच्या त्या नव्या रो-हाउसमध्ये मे महिन्यात राहायला आलो. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि जुलैत मम्मी पुण्याला गेली. शेजाऱ्यांना ती नीट माहीतसुद्धा झाली नव्हती. दोनदा कोरे काकूंकडून कोथिंबीर आणली असेल, एवढंच. पप्पा एका मेडिकल दुकानात फार्मासिस्ट होते, सकाळी जायचे ते अंधार पडल्यावर यायचे. मम्मी का गेली, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी पंख्याकडे बघत सांगितलं की घरखर्च बसत नाहीये, म्हणून मम्मीनं पुण्यात नोकरी धरली आहे, मावशीकडे राहील.

"मग कधी येणार?"

"खर्च बसला की येईल," पप्पा म्हणाले.

म्हणजे काम सोपं होतं. खर्च बसवायचा. मी त्याच संध्याकाळी मोबाइलवर 'घरखर्च कसा कमी करावा' असं टाकलं आणि पिवळ्या पडद्यासमोर हात जोडून उभ्या असलेल्या मीनलताई मला भेटल्या.

मी काय काय केलं ते ऐकाल तर हसाल. पेपर बंद केला. इस्त्रीवाल्या मामांना सांगितलं, उद्यापासून नको. भांडी घासायला शोभामावशी यायच्या, त्यांना पप्पांनी सांगायचं ठरलं होतं, पण पप्पा रोज विसरायला लागले, म्हणून मीच सांगितलं. त्या "बरं बाई" म्हणाल्या आणि जाता जाता माझ्या वेणीची सुटलेली रिबीन बांधून गेल्या. केबल बंद. दुधाची पिशवी दारात टाकणाऱ्या काकांनाही नको म्हटलं, कारण कोपऱ्यावरच्या डेअरीत आपलं भांडं नेलं की स्वस्त पडतं. डाळ सकाळी भिजत घालायची, कुकर एकदाच लावायचा, दोन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद आणि वर गोधडी टाकायची. तांदूळ धुतलेलं पाणी कुंडीला. कुंडीत काही लावलेलं नव्हतं, तरी मी घालायचे.

एका महिन्यात आमची बेल वाजायची बंद झाली. मला ते यश वाटलं. बेललासुद्धा वीज लागतेच.

सगळ्यात आवडता नियम होता, एका वेळी अख्ख्या घरात एकच दिवा. मी स्वयंपाकघरातला ठेवायचे, कारण तिथे काम असायचं. मग पप्पांना आल्यावर दुसरीकडे बसताच यायचं नाही. ते प्लास्टिकचं स्टूल घेऊन ओट्याजवळ यायचे आणि मी पोळ्या लाटत असले की मोबाइलमध्ये बघत बसायचे. बोलायचे नाहीत फारसे. पण आम्ही एका उजेडात असायचो. तो नियम मी मनापासून पाळला.

प्रत्येक व्हिडिओखाली मी कमेंट लिहायचे. 'ताई, आज गोधडीचा भात केला, खूप छान झाला.' 'ताई, मी तेजल आवटी, सांगली.' बाकीच्या बायकांच्या कमेंटवर मीनलताई लाल बदाम टाकायच्या. माझ्यावर कधीच नाही. मी दर वेळी उघडून बघायचे.

मम्मीचा फोन रविवारी यायचा. जेवलीस का, केस धुतलेस का, परीक्षा कधी. मी तिला आठवड्याचा अहवाल द्यायचे. एकदा मी सांगितलं की आता सिलेंडर किती तरी जास्त दिवस जातो.

"तू एकटी असताना गॅसजवळ जात जाऊ नकोस," ती म्हणाली.

"अगं, मग मी कधी जाणार?"

ती काहीच बोलली नाही. मला वाटलं, नेटवर्क गेलं.

"दिवाळीला येशील ना? आता खर्च बराच बसलाय."

"बघू," ती म्हणाली. "अभ्यास कर."

'बघू' म्हणजे जवळजवळ हो, असं मी धरलं. थोडंच कमी पडत असणार. आणि दिवाळी हा तर सगळ्यात मोठा खर्च. तो जर वाचवून दाखवला, तर 'बघू'चं 'येते' व्हायला काय हरकत होती?

मीनलताईंचा व्हिडिओ नेमका तेव्हाच आला. 'बिनखर्चाची दिवाळी.' नवे कपडे नकोत, कपाटातले एकदाही न घातलेले काढा. फटाके तर नकोतच. तळणीचं तेल वाचवा, भाजून होणारे पदार्थ करा. माळा नकोत, कंदील नको, एक पणती पुरे. मी त्यांच्याही पुढे गेले. मी ठरवलं, फराळच नको. दोन माणसांना काय करायचाय फराळ?

पप्पांना सांगितलं तेव्हा ते स्टुलावर बसून चहा पीत होते. मला वाटलं होतं, कपड्यांवरून वाद घालतील. ते सगळ्याला हो म्हणत गेले. पटापट, जसं कुणी गोळ्यांची नावं वाचतंय आणि ते डोकं हलवताहेत. फक्त कंदिलाशी थांबले.

"कंदील पण नाही?"

"त्याला नवा कागद आणावा लागेल, खळ करावी लागेल. घरात जुना पेपरसुद्धा नाही, तो आपण बंद केलाय. शिवाय रात्रभर बल्ब."

आमचा कंदील माळ्यावर होता. बांबूच्या काड्यांचा, मम्मीनं लग्नाच्या पहिल्या वर्षी केलेला. दर वर्षी ती त्याला नवा कागद लावायची आणि पप्पा खाली धरून उभे राहायचे, मी खळीची वाटी घेऊन. पप्पांनी वर माळ्याकडे पाहिलं. मग कप विसळून पालथा घातला.

"राहू दे," ते म्हणाले. "बरं झालं."

बरं काय झालं, ते मी विचारलं नाही. त्यांना माझी योजना पटली याचाच मला अभिमान वाटला.

तर धनत्रयोदशीला कोरे काकूंचं ताट आलं. नरकचतुर्दशीला पहाटे सगळ्या कॉलनीत फटाके वाजत होते आणि मी एका बादलीत अंघोळ उरकली. उटणं होतं मागच्या वर्षीचं, पण पाठीला आपल्या आपण लागत नाही. मम्मीचा फोन आला, लवकर उठलीस का म्हणाली. मी विचारलं, निघालीस का? तिच्यामागे कुणीतरी कुकर लावत होतं. ती म्हणाली, "सुट्टी नाही मिळाली गं." मी म्हटलं, काही हरकत नाही, इथे बचत जोरात चाललीय.

आणि खरंच जोरात चालली होती. त्याच दिवशी पलीकडच्या नदाफ चाची नानकटाई घेऊन आल्या. त्या दारातच उभ्या राहिल्या, मला जवळ घेतलं आणि "काही लागलं तर हाक मारायची, लाजायचं नाही" असं म्हणाल्या. कोपऱ्यावरच्या घरातून चिवडा आला, त्यांच्या सुनेनं आणला. तिला मी तोवर कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. ती डबा ठेवून आत डोकावली, माझ्या ओट्यावरची भांडी बघितली आणि तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, भांडी इतकी वाईट घासलेली नाहीत. मागच्या ओळीतून शंकरपाळे आले, बेसनाचे लाडू आले. 'शुभ दीपावली' मात्र कुणीच म्हणालं नाही. सगळ्या हळू बोलायच्या, सगळ्या डोक्यावरून हात फिरवायच्या, आणि कुणीही ताटात काही परत घेत नव्हतं.

बेल पुन्हा वाजायला लागली होती. मी प्रत्येक वेळी पळत जायचे. किती महिन्यांनी आमच्या दारात माणसं येत होती, आणि तीही हातात काहीतरी घेऊन. इतकं सुख मला जुलैपासून झालं नव्हतं. मी मनात कमेंटसुद्धा तयार केली: 'ताई, एक पळी तेल न तापवता घरात फराळाचे सगळे डबे भरले.'

पप्पा आले तेव्हा मी सगळे डबे त्यांच्यासमोर ओळीनं मांडून ठेवले होते. त्यांनी चप्पलसुद्धा काढली नव्हती.

"हे कुणी दिलं?"

मी नावं सांगत गेले.

"काय म्हणाल्या?"

"काही नाही. लाजू नको म्हणाल्या. चकली घ्या ना, काकूंनी तुम्हाला खायलाच लाव म्हणून सांगितलंय."

पप्पांनी चकली घेतली. हातात धरून बसले. खाल्ली नाही, परत डब्यात ठेवली आणि डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, डोकं दुखतंय, आणि त्या दिवशी दुसऱ्या खोलीत अंधारातच जाऊन पडले. नियम मोडला नाही त्यांनी, तिथला दिवा लावलाच नाही.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुकानात पूजा असते म्हणून पप्पा लवकर येणार होते. ऊन उतरायच्या सुमाराला बेल वाजली. कोरे काकू. आज हातात ताट नव्हतं, पिशवी होती. पहिल्यांदाच त्या आत आल्या. हॉलमध्ये उभं राहून त्यांनी भिंतींकडे पाहिलं, सगळ्या बाजूंनी, सावकाश. आमच्या भिंतींवर एक कॅलेंडर होतं फक्त.

"फोटो कुठाय गं?" त्यांनी विचारलं.

"कुणाचा?"

"आईचा."

मला वाटलं, त्यांना मम्मीला बघायचंय. मी उत्साहानं सांगितलं की लग्नाचा अल्बम आहे कपाटात, आणू का?

"एकटीचा नाही? मोठा करून घेतला नाही का अजून?" काकूंनी पदर डोळ्याला लावला. "असू दे. पप्पांना सुचत नसणार बिचाऱ्यांना. अल्बममधला आण, त्यालाच घालू. पहिला सण आहे, तसंच ठेवू नये."

आणि त्यांनी पिशवीतून हार काढला. झेंडूचा, मध्ये मध्ये शेवंती. अगदी फोटोच्या मापाचा.

आमच्या जुन्या घरात हार घातलेला एकच फोटो होता, आजोबांचा. मी हाराकडे बघत राहिले आणि माझ्या डोक्यात सगळं एकदम मागे मागे जायला लागलं. आजोबा गेले त्या वर्षी आम्ही कंदील लावला नव्हता. कढई चढवली नव्हती. शेजारच्या बायका फराळ आणून देत होत्या, हळू बोलत होत्या, आणि आजी ताटं रिकामी परत देत होती. मी तेव्हा लहान होते, मला फक्त लाडू आठवत होते.

"काकू," मी म्हणाले, "मम्मी पुण्यात आहे."

"हो गं माझ्या बाई," काकू म्हणाल्या आणि मला पोटाशी धरलं.

"खरंच आहे. नोकरी करते. मावशीकडे राहते."

"हो हो."

मी जितकं सांगत होते तितक्या काकू जास्त रडत होत्या. मी म्हटलं, मीनलताई म्हणून आहेत, त्यांनी सांगितलं म्हणून कंदील नाही लावला. त्यांनी माझं तोंड ओंजळीत धरलं. "कोण मीनलताई, राजा?" अशा आवाजात विचारलं की मला स्वतःलाच ते खोटं वाटायला लागलं.

"थांबा, मी फोनच लावते."

मी फोन लावला. स्पीकरवर टाकला. रिंग जात राहिली. काकू हार मांडीवर घेऊन सोफ्याच्या कडेला बसल्या होत्या आणि आम्ही दोघी त्या रिंगकडे बघत होतो, जणू ती टेबलावर ठेवलेली वस्तू होती. कुणी उचलला नाही. मी परत लावला. आज रविवार नव्हता, मी रविवारखेरीज कधी फोन करत नव्हते. रिंग संपली.

"राहू दे बाळा," काकू म्हणाल्या. "राहू दे."

त्या क्षणापर्यंत मला रडू आलं नव्हतं. तेव्हाही आलं नाही. फक्त असं वाटलं की काकूंना माहीत आहे ते मला माहीत नाही. रविवारचा फोन, मागचा कुकर, 'बघू', सगळं दूर कुठेतरी निघून चाललंय.

दार उघडंच होतं. पप्पा आले. हातात दुकानातल्या पूजेची साखरफुटाण्याची पुडी होती. त्यांनी काकूंना पाहिलं, मला पाहिलं, हाराकडे पाहिलं आणि दारातच थांबले.

काकू उठल्या. "भाऊ, बोलू नये, मी कोण तुमची. पण पोरीला खरं सांगा की आता. किती दिवस पुण्यात आहे म्हणून झुलवणार? फोन लावत बसलीय बघा लेकरू."

पप्पांनी पुडी कॅलेंडरखालच्या टेबलावर ठेवली. मग माझ्यासमोर जमिनीवर बसले. पप्पा असे जमिनीवर कधी बसायचे नाहीत, त्यांचा गुडघा दुखायचा.

"तेजू," ते म्हणाले, "मम्मी आता परत येणार नाही."

मागे काकूंचा हुंदका ऐकू आला. पप्पांचं तोंड पुढचं काहीतरी सांगायला उघडलं होतं आणि त्यातून आवाज येत नव्हता. मी त्यांच्या शर्टाच्या खिशातल्या पेनाकडे बघत होते. निळं टोपण होतं.

आणि माझ्या हातातला फोन वाजला.

पडद्यावर 'मम्मी' लिहून आलं. काकूंनी ते वाचलं. मी उचलायच्या आधी त्यांनीच एक पाऊल मागे घेतलं.

"काय गं, दोन मिस्ड कॉल?" मम्मीचा आवाज स्पीकरवर अख्ख्या हॉलमध्ये आला. "मी खाली पणत्या लावत होते. काय झालं? भाजलं का काही?"

"तू आहेस?" मी म्हणाले.

"आहे म्हणजे? इथेच आहे की. तेजू? काय झालंय?"

"पप्पा म्हणतात, तू येणार नाहीस."

तिकडे शांत झालं. या वेळी नेटवर्क होतं, तिच्या मागे कुणाच्या तरी फटाक्यांची माळ वाजत होती ती मला नीट ऐकू येत होती.

"सांगितलं का त्यांनी," ती म्हणाली. विचारलं नाही, नुसती म्हणाली.

"खर्च बसलाय," मी म्हणाले. "सगळा बसलाय मम्मी. पेपर बंद आहे, केबल बंद आहे, शोभामावशी पण नाहीत. दिवाळीला तर काहीच केलं नाही. अजून पण कमी होईल. मी बस सोडून सायकलनं जाईन शाळेत."

"तेजू. खर्चासाठी नाही गेले मी."

मी पप्पांकडे पाहिलं. ते खाली फरशीकडे बघत होते.

"मग कशासाठी?"

"आम्हा दोघांना एकत्र राहणं जमत नव्हतं, बाळा. आधीच सांगायला हवं होतं तुला. तुझ्यासाठी मी रोज..." ती म्हणाली. नाताळच्या सुट्टीत तू इकडे ये, मी न्यायला येते, असं काहीतरी शेवटी म्हणाली. मी हो म्हटलं. तिनं विचारलं, काय खाल्लंस आज? मी सांगितलं, काकूंच्या करंज्या.

फोन ठेवला तेव्हा काकू अजून उभ्याच होत्या. त्यांचा चेहरा असा झाला होता, जणू त्या कुणाच्या तरी घरात चुकून शिरून तिथल्या ताटात जेवून बसल्या आहेत.

"मी एकदा विचारलं होतं तुम्हाला," त्या पप्पांना म्हणाल्या. "गणपतीत. मिसेस दिसत नाहीत म्हटलं, तर तुम्ही मान खाली घालून आत गेलात. आणि दिवाळीला दार अंधारात. आम्ही काय समजायचं, भाऊ?"

"तुमचं काही चुकलं नाही," पप्पा म्हणाले. "डबे बघितल्यावर कालच लक्षात आलं माझ्या. मी खोडून काढलं नाही. खरं सांगण्यापेक्षा हे सोपं वाटलं."

काकू यावर रागावतील असं मला वाटलं. त्यांनी हाराकडे पाहिलं. मग स्वतःच खुर्ची ओढली, वर चढल्या आणि आमच्या दाराच्या चौकटीला दोन खिळे होते त्यांना तो हार बांधून टाकला. आखूड पडला. एका बाजूला कलला.

"लक्ष्मीपूजन आहे," त्या खाली उतरत म्हणाल्या. "दाराला झेंडू लागतोच. आणि आवटी भाऊ, जिवंत बाईच्या घरावर कंदील नाही, हे बरं दिसत नाही. ती कुठंही राहू दे."

त्या गेल्यावर पप्पांनी माळ्यावरून कंदील काढला. मागच्या वर्षीचा कागद उंदरांनी कुरतडला होता. पप्पांनी तो सगळा फाडून टाकला, काड्या पुसल्या. नवा कागद घरात नव्हता, रद्दी नव्हती, काहीच नव्हतं. मी इतकी नेटकी बचत केली होती. मी कपाटात मम्मीची एखादी ओढणी आहे का बघितली. तिनं सगळ्या नेल्या होत्या.

मग आम्ही तसाच टांगला. नुसता काड्यांचा सांगाडा, आणि आत व्हरांड्यातला तो बल्ब, जो मी कपाटात जपून ठेवला होता. पप्पा खुर्चीवर उभे होते, मी वायर धरली होती. खळीची वाटी धरायला कुणी नको होतं.

"दिसतोय का बघ जरा," पप्पा म्हणाले.

मी पळत रस्त्यावर गेले. सगळ्या घरांवर लाल, केशरी, हिरवे कंदील होते. त्यांचा उजेड कागदातून गाळून आल्यासारखा मऊ होता. आमचा बल्ब उघडा होता, डोळ्यात जायचा, आणि कंदिलाच्या काड्यांच्या लांब लांब सावल्या समोरच्या भिंतीवर पडल्या होत्या. पप्पांचीही सावली तिथेच होती, हात वर केलेली.

"दिसतोय," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पाडवा होता. कुणाचंही ताट आलं नाही. कोपऱ्यावरची सून रस्त्यात दिसली तेव्हा तिनं आमच्या कंदिलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि घाईनं आत गेली. नदाफ चाची तेवढ्या खिडकीतून हसल्या. बेल वाजली नाही.

मी नानकटाईचा डबा उघडून स्वयंपाकघरात स्टुलावर बसले. मीनलताईंचा नवा व्हिडिओ आला होता, पाडव्याचा. पिवळा पडदा, जोडलेले हात. कशा आहात? खाली कमेंटची जागा रिकामी होती, मीच पहिली होते. मी लिहिलं:

'ताई, तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. आमचा खर्च खूप कमी झाला आहे. आता घरात आम्ही दोघंच असतो. तेजल आवटी, सांगली.'

नानकटाई संपायच्या आत फोन वाजला. मी उघडून बघितलं. माझ्या नावापुढे लाल बदाम होता, आणि त्याखाली त्यांनी लिहिलं होतं: 'खूप छान, मैत्रीण. अशीच प्रगती होत राहो.'